चार इंचांचा कायदा : पाळीव पाणकासवाचा इतिहास

आज आपण ज्या प्राण्याबद्दल बोलणार आहोत, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. शोभेच्या माशांच्या दुकानात, एखाद्या टबमध्ये, दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी अशी हिरवीगार कासवं एकमेकांच्या पाठीवर चढून बसलेली असतात. डोळ्याच्या मागे लाल पट्टा. तो पट्टा कानाच्या जागी आहे म्हणून याला लाल कानाचं कासव म्हणायचं. खरं तर कासवाला बाहेरून दिसणारा कान नसतोच. इंग्रजीत त्याला 'रेड-इअर्ड स्लायडर' म्हणतात. स्लायडर, म्हणजे घसरणारं, कारण ओंडक्यावर ऊन खात बसलेलं हे कासव चाहूल लागताच घसरून पाण्यात जातं.

आमचा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे देश आणि सगळी साल ऐकताना धागा हातात राहील. या व्यापारात माल म्हणून विकला जातो तो कासवाच्या आयुष्यातला पहिल्या काही महिन्यांचा काळ. पिल्लू तीन सेंटिमीटरचं असतं. नीट सांभाळलं तर मादी पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगते. पहिल्या वर्षाचे पैसे दुकानदार घेतो. उरलेल्या वर्षांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षं एक देश दुसऱ्या देशाकडे सरकवत आला आहे. आता तो आपल्या दारात येऊन पोचलेला आहे.

आपल्या विहिरीतलं कासव

आधी थोडं घरचं बोलू. कासव आपल्याला नवं नाही. देवळात शिरलं की गाभाऱ्यासमोर जमिनीत कोरलेलं दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. दशावतारातला दुसरा अवतार कूर्माचा. संतांनी तर कासवीला आईपणाची उपमा केलं आहे: ती पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, तशी देवाची भक्तावर दृष्टी असते. प्राणिशास्त्र वेगळं सांगतं. मादी वाळूत किंवा मातीत खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. पिल्लानं आईला कधी पाहिलेलंच नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे व्यापाराला तिचा मोठा उपयोग झाला.

आणि आपल्याकडे कासव 'ठेवलं' जात होतं तेही खरं. गावच्या विहिरीत कासव सोडायची पद्धत होती. ते किडे, मेलेली बेडकं, सडका पाला खाऊन पाणी स्वच्छ ठेवतं, असा विश्वास. पण ते कासव जवळच्या ओढ्यातलं, नदीतलं असायचं. विहिरीत त्याला खोल पाणी मिळायचं आणि कोणी त्याला हातात घेऊन खेळवत नसे. ते गावाचं कासव होतं, एका मुलाचं खेळणं नव्हतं. त्याला आदर्श म्हणायचं नाही आम्हाला; विहिरीतून ते कासव बाहेर येऊ शकत नसे, हेही तितकंच खरं. पण कासव आणि माणूस यांच्या जुन्या नात्यात पिल्लू विकत घेणं हा प्रकार नव्हता. तो दुसरीकडून आला.

लुईझियानातली शेततळी

तो आला अमेरिकेतून, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून. हे कासव मूळचं तिथलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत वूलवर्थसारखी स्वस्त वस्तूंची दुकानं गावोगाव होती, पाच आणि दहा सेंटांच्या मालासाठी प्रसिद्ध. तिथे कंगवे, रिबिनी, खेळणी यांच्या शेजारी कासवाची पिल्लं विकायला लागली. सोबत एक उथळ प्लास्टिकचं भांडं, मध्ये छोटंसं बेट आणि बेटावर प्लास्टिकचं ताडाचं झाड. काही पिल्लांच्या पाठीवर रंगानं फुलं काढलेली, नावं लिहिलेली असत. वाढत्या कवचावर रंगाचा थर बसला की कवच वेडंवाकडं वाढतं. पण इतकी वाढ व्हायला पिल्लू जगतं कुठे?

मागणी वाढली तशी पिल्लांची शेती सुरू झाली. लुईझियाना राज्यात शेततळी खणून त्यात मोठी कासवं सोडायची, भोवती कुंपण घालायचं. माद्या काठावर येऊन अंडी घालतात. ती रोज उकरून गोळा करायची, धुवायची, उबवणीच्या खोलीत ठेवायची. साधारण दोन महिन्यांत पिल्लं बाहेर. आई लागत नाही, दूध लागत नाही. आणखी एक सोय निसर्गानंच करून ठेवलेली: पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा साठा शिल्लक असतो. रानात काही पिल्लं या साठ्यावर हिवाळाभर घरट्यातच थांबतात. व्यापाऱ्याला याचा अर्थ एवढाच, की खोक्यात घालून हा माल अन्नपाण्याशिवाय कित्येक दिवस पाठवता येतो.

आता घरी आणल्यावर काय होतं ते पाहा. कासव थंड रक्ताचं. ऊब नसेल तर त्याला भूक लागत नाही, खाल्लेलं पचत नाही. ऊन नसेल तर ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की पापण्या सुजून डोळे बंद होतात, आणि डोळे बंद झालेलं कासव खात नाही. त्या काळी डब्यात मिळणारं कासवाचं खाणं म्हणजे वाळवलेल्या माश्या आणि मुंग्यांची 'अंडी'. पण बलकाचा साठा आणि मंद शरीर यांमुळे पिल्लू लगेच मरत नाही. आठवडे जातात, कधी महिने. तोपर्यंत दुकानाची आठवण कोणाला राहते? मूल म्हणतं, माझं कासव मेलं. आईवडील म्हणतात, नवीन आणू. कुत्रा विकणाऱ्याकडे कुत्रा महिन्याभरात मेला तर लोक भांडायला जातील. कासव विकणाऱ्याकडे ते पुन्हा गिऱ्हाईक म्हणून गेले. आमच्या मते हा व्यापार इतकी वर्षं टिकला याचं हे एक मोठं कारण आहे.

मुलं आजारी पडू लागली

कासवं मरतात म्हणून अमेरिकेत कायदा झाला नाही. कायदा झाला, कारण मुलं आजारी पडली.

साल्मोनेला नावाचा जिवाणू असतो. दूषित अन्नातून पोटात गेला की ताप, जुलाब, पोटात कळा. मोठा माणूस सहसा आठवड्यात बरा होतो. तान्ह्या मुलात मात्र तो रक्तात उतरू शकतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. कासवाच्या आतड्यात हा जिवाणू सुखानं राहतो आणि कासवाला स्वतःला काही होत नाही. ते सकाळी खातं, दुपारी ऊन खातं, आणि पाण्यात जिवाणू सोडत राहतं.

१९६०च्या दशकात डॉक्टरांच्या हे लक्षात यायला लागलं. आजारी मुलाच्या घरी अन्न तपासलं, पाणी तपासलं, काही सापडेना. आणि कोपऱ्यात ताडाच्या झाडाचं भांडं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा अमेरिकेतला अंदाज असा, की कासवांमुळे वर्षाला सुमारे २,८०,००० लोकांना साल्मोनेलाची लागण होत होती, म्हणजे त्या देशातल्या अशा एकूण आजारांपैकी जवळपास १४ टक्के. हा आकडा एका खेळण्याचा आहे, हे ध्यानात घ्या.

सरकारनं पहिला उपाय केला तो शास्त्रशुद्ध वाटणारा होता. १९७२मध्ये अन्न व औषध प्रशासनानं, ज्याला आपण 'एफडीए' म्हणून ओळखतो, नियम केला की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायच्या कासवांना जिवाणूमुक्त असल्याचा दाखला पाहिजे. हा उपाय फसला, आणि का फसला ते समजून घेण्यासारखं आहे. कासव जिवाणू सतत बाहेर टाकत नाही. आज तपासलं तर नाही, पुढच्या आठवड्यात आहे. प्रवासाचा ताण पडला, गर्दी झाली की पुन्हा सुरू. म्हणजे दाखला खरा आणि कासव तरी दूषित.

मग १९७५मध्ये दुसरा नियम आला. पाठीचं कवच चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान असलेलं कासव विकायचं नाही. चारच इंच का? मोठ्या कासवात जिवाणू नसतो म्हणून नव्हे. चार इंचांचं कासव लहान मूल तोंडात घालू शकत नाही, म्हणून. सबंध नियम मुलाच्या तोंडाच्या मापानं आखलेला आहे. तपासणी नको, प्रयोगशाळा नको, फूटपट्टी पुरे. या एका बंदीमुळे मुलांमधल्या वर्षाला सुमारे १,००,००० लागणी टळल्या, असा अंदाज नंतर मांडला गेला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात इतका साधा आणि इतका परिणामकारक नियम क्वचित सापडतो.

तो पूर्णपणे पाळला गेला असं नाही. बंदीला शिक्षणाच्या कामासाठी सूट होती, तिचा आडोसा घेऊन रस्त्याकडेला, जत्रांमधून, समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांतून लहान कासवं विकली जात राहिली. २००७मध्ये फ्लोरिडात महिन्याचंही न झालेलं एक तान्हं बाळ दगावलं. त्याच्या शरीरातला जिवाणू आणि घरातल्या छोट्या कासवाकडचा जिवाणू एकच निघाला. त्या बाळानं कासवाला हातही लावलेला नसणार. मोठी माणसं टाकीला हात लावतात, त्याच हातांनी बाळाला घेतात. किंवा टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतात.

एक सूट आणि तिचे परिणाम

आता या कायद्यातली दुसरी सूट बघू. आजच्या व्याख्यानाचा कणा तोच आहे. चार इंचांची बंदी निर्यातीला लागू नव्हती. अमेरिकेतल्या मुलाला जे विकता येत नाही, ते परदेशातल्या मुलाला विकायला मोकळीक होती.

शेततळीवाल्यांनी हेच केलं. त्यांची बाजूही सांगायला हवी. गावंच्या गावं या धंद्यावर होती आणि एका नियमानं देशातला बाजार बंद झाला. लुईझियाना राज्य विद्यापीठात अंडी ब्लीचमध्ये धुऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवायची रीत शोधली गेली, म्हणजे जिवाणू कमी होईल आणि बाहेरचे देश माल घेतील. जिवाणू कमी झाला, पण काही ठिकाणी त्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला तयार झाला. एक गाठ सोडवताना दुसरी बसली.

१९८९ ते १९९७ या नऊ वर्षांत अमेरिकेतून पाच कोटींहून जास्त, सुमारे ५ कोटी २० लाख, लाल कानाची कासवं परदेशी गेली. त्याच काळात काय चाललं होतं आठवा. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी १९८४मध्ये निन्जा कासवांचं कॉमिक काढलं, १९८७मध्ये त्याची कार्टून मालिका आली, १९९०मध्ये चित्रपट. मुलांना कासव पाहिजे झालं. ब्रिटनमध्ये घरोघरी पिल्लं आली, आणि दोन-तीन वर्षांनी ताटाएवढी झालेली, चावणारी, पाण्याला वास आणणारी कासवं बागेतल्या तळ्यांत आणि कालव्यांत जाऊन पडली.

युरोपात स्वतःचं एक तळ्यातलं कासव आहे, आकारानं लहान आणि संख्येनं घटत चाललेलं. कासवाला ऊन खायला जागा लागते: ओंडका, दगड, काठ. फ्रान्समध्ये दोन्ही कासवं एकत्र ठेवून निरीक्षण केलं तेव्हा दिसलं, की चांगल्या जागा अमेरिकन कासव बळकावतं आणि युरोपियन कासव मागे हटतं. मारामारी दिसत नाही, पण ऊन न मिळालेलं कासव अशक्त होत जातं. १९९७च्या शेवटी युरोपीय संघानं लाल कानाच्या कासवाची आयात बंद केली. व्यापाऱ्यांनी काय केलं असेल? त्याच जातीची पिवळ्या पोटाची उपजात आणायला सुरुवात केली. कायद्यात नाव लाल कानाचं होतं ना! संपूर्ण जात बंदीच्या यादीत यायला २०१६ साल उजाडलं. दरम्यान, जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परकी प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव गेलं होतं. त्या यादीत सरपटणारे प्राणी दोनच आहेत.

जपानची गोष्ट आमच्या दृष्टीनं सर्वांत शहाणपणाची, निदान शेवटी. १९६६मध्ये मोरिनागा या मिठाई कंपनीनं चॉकलेटच्या जाहिरातीत बक्षीस म्हणून हिरवी कासवं वाटली आणि 'मिदोरिगामे', म्हणजे हिरवं कासव, हा शब्द घरोघरी झाला. पुढच्या पिढ्यांनी जत्रेत, दुकानात तीच पिल्लं घेतली. तळी आणि खंदक त्यांनी भरले. सरकारला बंदी घालायची होती, पण अडचण अशी, की उद्या पाळणं गुन्हा ठरवलं तर आज रात्रीच लोक टाकीतली कासवं नदीत नेऊन सोडतील. म्हणून १ जून २०२३पासून जपाननं मधला मार्ग काढला: विकायचं नाही, आयात करायचं नाही, बाहेर सोडायचं नाही, पण घरात आहे ते मरेपर्यंत सांभाळायला परवानगी. पिल्लू हा माल बंद, मोठ्या कासवाची जबाबदारी चालू. आपण सुरुवातीला जो प्रश्न मांडला, त्याला सरळ भिडणारा कायदा आमच्या पाहण्यात हाच आहे.

आणि आपण?

आपल्याकडे १९७२चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आहे. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा त्याखाली गुन्हा आहे. विहिरीत सोडलं जाणारं मऊ पाठीचं कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्या रांगेत. हा कायदा आवश्यकच होता. पण तो इथल्या प्राण्यांसाठी लिहिलेला. परदेशी कासवाचा त्यात विचारच नव्हता. त्यामुळे दुकानात एक विचित्र वाक्य तयार झालं: "देशी कासव नको साहेब, त्याला कायदा आहे. हे फॉरेनचं आहे, हे चालतं." देशी कासवाला वाचवणाऱ्या कायद्याच्या सावलीत परदेशी कासव विकलं गेलं. माल बऱ्याचदा आग्नेय आशियातून येतो. चेन्नईच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांमधून ही पिल्लं कस्टम्सनं पुनःपुन्हा पकडली आहेत. वास्तुशास्त्र आणि फेंगशुई यांनी मागणीत भर घातली. वाटीतल्या पाण्यात पितळी कासव ठेवणारे काही लोक जिवंत कासवाकडे वळले.

मग ते वाढतं, आणि सुरू होते सुटकेची खटपट. आपण प्राण्याला मारत नाही. आपण त्याला 'मोकळं' करतो. देवळाच्या तळ्यात, तलावात, ओढ्यात. मनात पुण्याची भावना असते, हे नाकारायचं कारण नाही. पण गुवाहाटीचं उदाहरण ऐका. आसामात काळ्या मऊ पाठीचं एक कासव आहे. २००२मध्ये ते रानातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं होतं. ते उरलं कुठे? देवळांच्या तळ्यांत, कारण तिथे भाविक त्याला देवाचं मानत, खायला घालत, कोणी मारत नसे. श्रद्धेनं एक जात वाचवली. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराचं तळं हे असंच एक. २०२०मध्ये त्याच तळ्यात लाल कानाचं कासव सापडलं. जी श्रद्धा एका कासवाला जपत होती, तिच्याच वाटेनं दुसरं आत आलं असावं, असं आम्हाला वाटतं. केरळात त्रिशूरजवळच्या कालव्यातही ते मिळालं. तिथल्या वन संशोधन संस्थेनं लोकांना आवाहन केलं, की कासव बाहेर सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. बाकीच्या राज्यांनी उचलावी अशी ही गोष्ट आहे.

वन्यजीव कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. तिच्यामुळे आक्रमक परकी प्रजातींची आयात, व्यापार आणि त्या बाळगणं यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. म्हणजे हत्यार हातात आहे. ते उचलताना जपानचा धडा समोर ठेवावा, एवढंच आमचं म्हणणं. बंदी विक्रीवर घाला. ज्याच्या घरी आधीच कासव आहे त्याला गुन्हेगार करू नका, नाहीतर सगळी कासवं एका रात्रीत आपल्या तलावांत जातील.

घरात कासव असेल तर

व्याख्यानानंतर हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच बोलतो. घरात हे कासव असेल तर ते बाहेर सोडू नका, कुठेही नाही, देवळातही नाही. त्याला पोहता येईल इतकं खोल पाणी, पूर्ण कोरडं बसायला जागा, आणि थेट ऊन द्या. काचेतून आलेल्या उन्हाचा ड-३साठी उपयोग होत नाही. वाढत्या वयात पालेभाजी आणि पाणवनस्पती जास्त, मांसाहार कमी. टाकी स्वयंपाकघरात धुऊ नका. कासवाला हात लावला की साबणानं हात धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर कासव त्या घरात नसलेलं बरं. सांभाळणं शक्यच नसेल तर वनखात्याला किंवा ओळखीच्या प्राणी बचाव संस्थेला विचारा. त्यांच्याकडेही जागा कमी आहे, उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण तोवर ते तुमच्या टाकीत असणं तलावात असण्यापेक्षा चांगलं.

आणि कासव घेण्याचा विचार असेल तर दुकानात एक हिशेब करा. आज मूल सात वर्षांचं आहे. ते दहावीला जाईल तेव्हा कासव जेवणाच्या ताटाएवढं झालेलं असेल. ते नोकरीसाठी दुसऱ्या गावी जाईल तेव्हा कासव तुमच्याकडेच असेल. त्याचं लग्न होईल, आणि कासव अजून उन्हात मान वर करून बसलेलं असेल. हा हिशेब पटत असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेकांना तो पटणार नाही, आणि मग ते पिल्लू टबमध्येच राहू द्यावं. दया येते हे खरं. पण आपण एक उचललं की त्या जागी दुसरं येतं, हे आज आपण पाहिलंच.

कासव बघायची हौस असेल तर आपल्याकडे जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गावकरी आणि निसर्गप्रेमी मिळून २००२च्या सुमारापासून समुद्री कासवांची घरटी राखतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात, वाळूवर सोडली जातात आणि आपल्या पायांनी समुद्राकडे जातात. मुलांना तिथे न्या. हातात घेता येत नाही, घरी आणता येत नाही. लांबून बघायचं. संतांनी जी नजरेची उपमा दिली, ती माणसानं पाळायची झाली तर ती अशी.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.